शून्यावर पूर्ण आवाज

मानवाने अग्नी जिंकला, वाफ जिंकली, वीज जिंकली. ध्वनी तेवढा मोकाट राहिला होता, तो आज या खोलीत वठणीवर येणार, अशी घोषणा मुख्य अभियंत्यांनी केली आणि चिपच्या बोर्डाचा खटका दाबला. काहीच ऐकू आलं नाही. विभागात स्पीकरच नव्हता.

यात लाजण्यासारखं काही आहे असं तिथं कुणालाच वाटलं नाही. आकड्यांत साठवलेल्या गाण्याचा पुन्हा आवाज करणारी चिप इथं घडत होती, पण ती ऐकायची पद्धत नव्हती. पडद्यावरची रेघ सरळ आली की टाळ्या वाजवायच्या, एवढीच पद्धत. कान हा अवयव म्हणून ठीक. पुरावा म्हणून गावंढळ. शेवटी स्वागतकक्षातल्या टेबलावरचा स्पीकर उपटून आणला.

मुख्य अभियंत्यांना पाठीमागे सगळे डेसिबलराव म्हणत. समोर बसले होते त्यांचे सख्खे साडू, उशाशी ठेवायचे रेडिओ बनवणारे कारखानदार. त्यांनी चिप घेतली तर विभाग जगणार, नाही घेतली तर मालक त्याला कुलूप लावणार. कोपऱ्यात कपबशी धरून उभे असलेले मालक हेच डोळ्यांनी पुन्हा पुन्हा सांगत होते. साडूंनी आपल्या आईलाही आणलं होतं. त्यांचा प्रत्येक रेडिओ आधी तिच्या उशाशी झोपे, मग बाजारात जाई.

"हा बघा बेस," डेसिबलराव म्हणाले. खिडकीची काच थरथरली. "हा ट्रेबल. हा आवाज डावीकडून उजवीकडे. आणि हे सौम्य मौन! आवाज तुटत नाही, मावळतो."

"सूर्यसुद्धा तुम्हीच मावळवता की काय, साडूभाऊ?" साडू म्हणाले. "जरा आईला फिरवू द्या."

साडूंच्या आईनं, म्हणजे काकूंनी, आवाजाचं बटण धरलं. शेजारी आकडा उजळत होता. "झोपायचं म्हणजे शून्य," असं म्हणत त्या डावीकडे फिरवू लागल्या. आकडा उतरू लागला आणि आवाज चढू लागला. आवाज वाढतोय म्हणून काकूंनी आणखी फिरवलं. शून्यावर स्पीकर असा किंचाळला की मालकांचा कप बशीत नाचला. विभागातल्या चाचणीवाल्या बाईंनी वायर ओढली तेव्हा कुठे खोली शांत झाली.

"अगं आई गं! हे झोपवतंय की उठवतंय?" काकू म्हणाल्या.

डेसिबलराव हसले. अडाण्यांसाठी राखून ठेवलेलं ते हसू होतं. "काकू, आमची चिप आवाज मोजतच नाही. आवाजातून किती कापलं, ते मोजते. शून्य म्हणजे काहीच कापलं नाही, म्हणजे पूर्ण आवाज. पूर्ण शांतता हवी तर दोनशे पंचावन्न."

"गप्प बसायला एवढं मोजायचं?"

"शास्त्र आहे, काकू."

"शास्त्र गेलं चुलीत. माझ्या कानाचं बोल."

"सर, एका ओळीचं काम आहे," चाचणीवाल्या बाई म्हणाल्या. "आकडा उलटा करू." आजवर प्रत्येक बैठकीत या शून्यासाठी सगळ्यांत जोरात टाळ्या याच बाईंनी वाजवल्या होत्या, पण दाराला कुलूप दिसू लागलं की मतही सौम्यपणे मावळतं.

"लोकांसाठी शून्याची मान वाकवायची?" डेसिबलराव कडाडले. "उद्या म्हणाल, झोपताना गुरुत्वाकर्षण बंद करा!"

साडूंनी पिशवी उचलली. "हे बघा, घरात भांडण नको. शून्यावर गप्प बसत असेल, तर ही चिप माझ्या प्रत्येक रेडिओत. नुसतं हो म्हणा. नाहीतर मी दुसरीकडे बघतो."

मालकांनी चक्क हात जोडले. बाईंनी कीबोर्ड पुढ्यात ओढला. डेसिबलरावांनी चष्मा काढला, पुसला, चढवला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी फार मोठा निर्णय उमटत असल्याचं सगळ्यांनी पाहिलं. ते उठले, खुर्च्यांमधून वाट काढत काकूंपाशी गेले, आणि आवाज होईल तितका मऊ करून म्हणाले,

"काकू, रोज झोपताना तेवढं दोनशे पंचावन्नपर्यंत फिरवत जाल का?"