गाळणीची जाळी

शकुनं चहाचं पातेलं कपावर वाकवलं आणि हात तसाच थांबवला. गाळणी खुंटीवर नव्हती. मोरीत नव्हती, ताटाळ्यामागेही नव्हती. शेवटी खिडकीखाली सापडली ती, म्हणजे तिचा सांगाडा सापडला. वाकडा दांडा आणि रिकामी कडी. जाळी कुणीतरी कात्रीनं गोल कापून घेतली होती.

"अंबादास."

खिडकीशी मांडी घालून बसलेल्या मुलानं वर पाहिलं नाही. त्याच्या मांडीवर जुना टॉवेल होता, टॉवेलवर लष्कराच्या भंगारातून आणलेले काळे, जड हेडफोन, आणि हातात सुताराचं गिरमिट.

"नवी आणतो, आई."

"आण की. पण आत्ताचा चहा काय तुझ्या डोक्यावर गाळू?"

"फडक्यानं गाळ ना. चहाला काय कळतंय."

"चहाला नाही कळत. पिणाऱ्याला कळतं."

"काय म्हणतोय गं तो?" खाटेवर बसलेल्या भाऊरावानं विचारलं. विचारलं म्हणजे काय, असल्फ्याच्या टेकडीवर खालच्या नळापर्यंत गेलं ते. मायलेकांना त्याची सवय होती. फळीच्या भिंतीपलीकडून शेजारच्या विमलचा आवाज आला, "शकुवहिनी, गाळणी कापली म्हणावं. भाऊंचं विचारणं मला फुकटात ऐकू येतं, तुझं उत्तर तेवढं कधी येत नाही बघ."

शकु हसली. नवऱ्याकडे वळली आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हणाली, 'तुमच्या कानापायी माझी गाळणी गेली.'

भाऊरावानं ओठ वाचले आणि मिशीत हसला.

कुर्ल्याच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून त्याचे कान गेले होते. शेकडो साचे एकदम खडाडू लागले की शेजारच्याचा शब्द शेजारच्याला लागत नसे. मग तिथली माणसं ओठांनी बोलत. चार साच्यांपलीकडून एकमेकांची थट्टा करत, मुकादमाच्या पाठीमागे त्याला शिव्या घालत, आणि आवाज म्हणून कुठे काही नाही. भाऊराव ती विद्या घेऊन घरी आला. कान जड होऊ लागले तेव्हा शकुनं आधी ओरडून पाहिलं. पण एका फळीच्या भिंतीआड नवऱ्याशी ओरडून काय काय बोलणार? डाळ संपली ते चाळीला कळलं, सासूचं दुखणं चाळीला कळलं, नवऱ्यावर रुसली तेही चाळीला कळलं. मग तीही ओठांवर आली. रागाचं, लाडाचं, अंथरुणातलं, सगळं बोलणं बिनआवाजाचं झालं. अंबादास लहानाचा मोठा झाला तोही बापाशी असाच बोलत. भाऊराव मात्र स्वतःचा आवाज ऐकू येईना तसा मोठमोठ्यानं बोलू लागला, आणि ते त्याला कुणी कधी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उरलंय ते फार काळ पुरायचं नाही. परत येताना बस थांब्यावर भाऊराव म्हणाला, "शके, जाईल ते जाऊ दे. पण तुझी ओवी पुन्हा एकदा ऐकायची राहिली." थांब्यावरच्या साऱ्या रांगेनं मागे वळून पाहिलं. शकुनं पदर कपाळावर ओढला. अंबादास बरोबर होता. दुसऱ्या दिवसापासून घाटकोपर स्टेशनजवळच्या ज्या दुकानात तो रेडिओ दुरुस्त करायचा, तिथून रोज काही ना काही घरी येऊ लागलं. एक माईक, एका मोडक्या रेडिओचं पोट, हे हेडफोन.

पहिल्यांदा कानाला लावले तेव्हा भाऊरावानं तोंड वाकडं केलं होतं.

"हंड्यात तोंड घालून कुणी बोलतंय," तो ओरडला. "शब्द कुठाय?"

त्यावर अंबादास चार दिवस विचार करत होता. आज सुट्टीचा दिवस, जेवणं झालेली, आणि उत्तर त्याच्या हातात होतं.

"डबा मागून बंद आहे ना, आई," गिरमिट फिरवत तो म्हणाला. "आवाज आतच कोंडतो, घुमतो. दादांना घुमणं तसंही ऐकू येतं, शब्दांच्या कडा येत नाहीत. पाठ उघडली की घुमणं निघून जाईल."

"आणि फुटलं तर?"

"फुटलं तर फुटलं."

पण हात त्याचा फार सावकाश चालला होता. काळा भुगा टॉवेलवर पडत होता. भोकं पाडून झाली, मधला भाग त्यानं कानशीनं घासून मोकळा केला, उशीतला कापूस भुरभुरीत विंचरून आत ठेवला आणि वरून गाळणीची जाळी बसवली. त्याच जाळीच्या कापलेल्या दोन चकत्या, दोन्ही कानांवर एकेक. शकुला ते बघून वाटलं, चहा पिऊन पिऊन तपकिरी झालेली आपली जाळी आता नवऱ्याच्या कानावर बसणार. काय काय गाळणार ती?

कारण भीती तिला होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. भाऊरावाच्या कानात जी शकु होती ती गावाकडची होती, लग्नाच्या पहिल्या साली पहाटे जात्यावर बसणारी. त्यानंतर इतकी वर्षं चुलीचा धूर, नळावरची भांडणं, टेकडीखालून पोराला मारलेल्या हाका. परवा मोरीत धुणं धुताना तिनं हळूच एक सूर लावून पाहिला होता. मोडक्या दारासारखा करकरला. म्हाताऱ्या कानात तरुण आवाज सुखरूप आहे, त्यावर हा नवा कशाला ओतायचा?

एक ओवी मात्र त्यानं कधीच ऐकलेली नव्हती. नवी नवरी होती तेव्हा ती पहाटे दळायला बसे आणि तो जात्यापलीकडे भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेला असे. एकदा तिला त्या पाठीचा रागच आला. रागातच तिनं ओवी जुळवली.

दळण मी दळीते, पीठ पडं चांदन्यावानी
जात्याच्या पल्याड, निजला गं माझा धनी

रोज म्हणायची. पाठ कधी हलली नाही.

"दादा, घाला," अंबादासनं हेडफोन बापाच्या डोक्यावर चढवले आणि बटण फिरवलं. खोलीत कर्कश शिट्टी वाजली. भाऊरावानं डोकं मागे घेतलं, विमलकडचं मांजर पळालं.

"आता पाठ उघडी आहे, त्यामुळे आवाज बाहेरही गळतो," अंबादास आईला म्हणाला. "गळलेला आवाज माईक परत ओढतो. माईक लांब न्यायला हवा."

माईक वायर सोडत सोडत चुलीपर्यंत गेला. शिट्टी थांबली. अंबादासनं चमचा उचलून पितळी पेल्यावर हलकेच टेकवला.

भाऊरावाचे डोळे मोठे झाले. त्यानं बोट वर केलं, पुन्हा वाजव. पुन्हा वाजला. मग अंबादास दुकानात बोलतो तसा माईकमध्ये बोलला, "हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. दादा, ऐकू येतंय?"

भाऊराव मुलाच्या ओठांकडे बघत नव्हता. शून्यात कुठेतरी बघत होता.

"माझ्या बापाचा आवाज आहे हा," तो म्हणाला, नेहमीसारखा टेकडीभर ऐकू जाईल असा. आणि म्हणता म्हणताच त्यानं दोन्ही हात हेडफोनवर दाबले. जणू कुणी कानाशी येऊन खेकसलं होतं.

त्यानं हात सावकाश खाली घेतले. मग बायकोकडे बघून ओठ हलवले, आवाज न करता. 'मी असा बोलतो?'

शकुनं मान खाली घातली.

'इतकी वर्षं?'

"आई, आता तू बोल," अंबादास वायर तपासत म्हणाला. त्याची पाठ त्यांच्याकडे होती. "इथं, माईकसमोर. ओवी नंतर, आधी साधं काहीतरी."

शकु माईकसमोर बसली. तोंडावरचा घाम पुसला. समोर नवरा, डोक्यावर तिच्या गाळणीच्या जाळ्या, शाळेत पहिल्या दिवशी बसलेल्या पोरासारखा ताठ. ती त्याला म्हणाली, 'चहा फडक्यानं गाळला होता. कडू लागला का?'

भाऊराव वाट बघत राहिला.

ती म्हणाली, 'ऐकू येतंय का?'

त्यानं मान हलवली. नाही. अंबादासनं बटण वाढवलं, एक जोड दाबून पाहिला. "पुन्हा बोल." ती पुन्हा बोलली. भाऊरावानं पुन्हा मान हलवली. तिघांपैकी कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही.

'पेला ऐकू येतो,' भाऊराव ओठांनी म्हणाला. 'पोरगा ऐकू येतो. बाहेर कावळा ओरडला, तोही आला. तुझाच तेवढा आवाज गेलाय माझ्या कानातून.'

त्यानं हेडफोन काढायला हात वर नेले. अंबादासनं ते धरले, "थांबा दादा, कुठेतरी तुटलंय," म्हणत पेचकस शोधू लागला. शकुला काय करावं सुचेना. त्याच वेळी फळीच्या फटीतून करपल्याचा वास आला.

"विमल, अगं दूध गेलं बघ तुझं," ती ओरडली.

पलीकडे भांडं आपटलं, "आई गं" ऐकू आलं, धावपळ झाली. इकडे भाऊराव दचकून दाराकडे बघत होता. मग फळीकडे. मग शकुकडे.

'कोण गं ही?' त्यानं ओठांनी विचारलं. 'विमलची सासू आली की काय?'

अंबादासचा पेचकस हातातच राहिला. त्यानं आईकडे पाहिलं.

"आई, तू आत्तापर्यंत नुसते ओठ हलवत होतीस?"

"मग?" शकु म्हणाली. "तुझ्या दादांशी मी कशी बोलते?"

अंबादासला हसू फुटलं आणि लगेच विझलं, कारण आईचा चेहरा हसण्यातला नव्हता. जे घडू नये म्हणून ती इतके दिवस मनात धास्तावत होती, ते दुधाच्या निमित्तानं घडून गेलं होतं. नवऱ्यानं तिचा आवाज ऐकला होता आणि ओळखला नव्हता.

"दादा, ती..." अंबादास बोलू लागला. शकुनं हात वर करून त्याला थांबवलं.

ती उठली. कोपऱ्यात पाण्याचा हंडा होता, तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. हंड्याखाली गावाहून डोक्यावरून आणलेलं जातं होतं. मुंबईत आल्यापासून त्याला बैठकीचंच काम लागलं होतं. पाण्याचं ओलं कडं तिनं पदरानं पुसलं, खुंटा ठोकून बसवला, डब्यातली मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात टाकली.

"आई, माईक दगडाजवळ नको," अंबादास हळूच म्हणाला. "घरघरीत शब्द बुडतील."

"दगडाजवळच ठेव. आणि तू जरा बाहेर जा."

माईक जात्याशी ठेवून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. शकु जात्याशी बसली, नवऱ्याकडे पाठ करून. समोर तोंड असतं तर ओठच चालले असते, गळा नाही. हे तिला आता कळलं होतं.

दगड हलला. आधी रुसल्यासारखा अडखळला, मग फिरू लागला. पहिले काही फेरे नुसतेच गेले. हात गावाला पोहोचला तरी गळा मागेच राहिला होता. मग तोही आला, खरखरीत, मधेच फाटलेला, वरच्या सुराला पोहोचताना बसकण मारणारा.

"दळण मी दळीते, पीठ पडं चांदन्यावानी..."

दुसरी ओळ लगेच म्हणायची नसते. जात्यावर दोघी असल्या की एक सोडते आणि समोरची उचलते. एकटी असली तरी बाई तेवढी जागा सोडते, दगडाला एक फेरा देते. शकुनंही दिला. आपला आवाज नवऱ्याला कसा लागला असेल, हे वळून बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. फेरा पुरा होत आला. तिनं श्वास घेतला.

"जात्याच्या पल्याड..."

शब्द तिचे नव्हते. मागून आले होते. गाणं नव्हतंच ते, पुरुषानं सांभाळून, चाचपडत म्हटलेलं बोलणं होतं. आवाज इतका खालचा की आधी तिला तो दगडातूनच आला असं वाटलं. हा आवाज तिनं गावाकडे ऐकला होता, अंधारात, फक्त तिच्यापुरता. त्यानंतर नाही.

"जात्याच्या पल्याड," भाऊराव आणखी हळू म्हणाला, "जागा होता तुझा धनी."

शकुनं मागे वळून पाहिलं नाही. हात फिरत राहिला. जात्याच्या कडेवर पांढरं पीठ साचू लागलं होतं, त्यात एक थेंब पडून बारीक खळगा झाला.

फळीपलीकडे विमल करपलेलं पातेलं घासत होती. ती घासायची थांबली.

"शकुवहिनी," तिनं हाक मारली, "भाऊ आज गप्प का गं? बरं नाही का त्यांना?"

शकुनं डब्यातून ज्वारीची आणखी एक मूठ घेतली, जात्यात टाकली आणि पहिली ओळ पुन्हा धरली.