आवतन मिळालेली फियाट

मित्रांनो, एकोडीला टेकचंदच्या गोठ्यात, बैलांच्या रांगेत शेवटी उभी असलेली जुनी फियाट म्हणजे मी. माझ्या बॉनेटवर हळदीचा पिवळा डाग आहे. तो कसा पडला ते सांगते, पण आधी माझा राग ऐका.

मी या घरी आले तेव्हा सुखात होते. पुष्पाबाई, म्हणजे टेकचंदची बायको, मागच्या गादीवर ऐसपैस बसून साकोलीच्या बाजाराला जायच्या. मग ब्याऐंशी साली संक्रांतीनंतर शंकरपट भरला. बैलजोड्यांची शर्यत आटोपली तशी शहापूरचे लक्ष्मणराव आपल्या अॅम्बेसेडरला टेकून म्हणाले, "टेकचंदभाऊ, बैलं त कोणीबी पळवते. हे डबडं पळवून दाखव!"

त्याच मैदानावर आम्ही दोघी धावलो आणि मी हरले. टेकचंदला ते फार झोंबलं. त्याने मला भंडाऱ्याच्या नत्थू मिस्त्रीकडे नेलं.

नत्थू म्हणाला, "वरून हवा कोंबाचं यंत्र आपल्याले नको. इंजिन आपल्या दमानं जेवढा श्वास घेते तेवढाच घेऊ दे. आपण फक्त वाट मोकळी करू."

त्याने इंजिनाचं हेड घासून बारीक केलं, म्हणजे आतला भडका जोरात व्हावा. सायलेन्सर काढून सरळ नळी लावली. वजन नको म्हणून गादी, जास्तीचं चाक, डिकीचं झाकण, सगळं उतरवलं. शेवटी हवा गाळणारा गोल डबाही काढला. "हे पटापुरतं बरं का," त्याने बजावलं. "पळणं झालं का डबा पहिले लाव."

पुढच्या पटावर मी अॅम्बेसेडरला धूळ चारली. गुलाल कोणाच्या डोक्यावर पडला? टेकचंदच्या! जिंकलेल्या बैलाला तो स्वतः चोळतो, आठ दिवस जुवाला खांदा लावू देत नाही. मला मात्र त्याच दुपारी खळ्यावर नेलं. धानाची मळणी चालली होती, हवेत कोंडाच कोंडा. माझा डबा घरी फडताळात पडला होता, त्यात धने भरले होते.

पुष्पाबाईंनी पाहिलं. "पटाच्या बैलाले ह्या धुळीत येऊ देत नाही तुम्ही. मग हिचं नाक काहून उघडं?"

"अवो, हे यंत्र आहे. यंत्राले काय सर्दी होते?"

खळ्यावरचे सगळे हसले. मी हसले नाही. होळीपर्यंत माझं इंजिन आतून खरवडून निघालं. आधी धूर निघाला, मग मी बंदच पडले. माझ्या टपावर कोंबड्या बसू लागल्या. पोळा जवळ आला तेव्हा टेकचंदला नवा बैल घ्यायचा होता आणि गोठ्यात जागा नव्हती. त्याने भंगारवाल्याला बोलावलं.

तो दोर घेऊन आला, ती पोळ्याची आदली संध्याकाळ. पुष्पाबाई हळद आणि तुपाने बैलांचे खांदे शेकत होत्या आणि एकेकाला जेवणाचं आवतन देत होत्या. शेवटचा बैल झाला. मग त्या माझ्याकडे आल्या, बॉनेटवर कोमट हळदतूप चोळलं आणि म्हणाल्या, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

"हे काय करून राहिली तू?" टेकचंद ओरडला.

"आवतन देऊन राहिली. पळाली नाही का हे तुमच्यासाठी? आता आवतन दिलेल्याले घराबाहेर काढते का कोणी?"

भंगारवाल्यानेच दोर गुंडाळला. "नाही बा, पोळ्याचा पाहुणा मी नेत नाही."

"अवो, पण हे खाते काय?" टेकचंद म्हणाला.

पुष्पाबाई घरात गेल्या, धने सुपात ओतले आणि गोल डबा त्याच्या हातात ठेवला. "हे खाते. मिस्त्रीले बोलवा."

नत्थूने इंजिन उघडून नीट केलं. आता मी पट धावत नाही, बाजाराला जाते, आणि प्रत्येक श्वासाला मला धन्यांचा वास येतो. मित्रांनो, पळवायचं तर खुशाल पळवा. पण गुलाल आपल्या डोक्यावर घेण्याआधी, पळणाऱ्याचं जे काढून ठेवलं असेल ते आधी परत लावा. माझा राग अजून गेलेला नाही. माझी गादी ओसरीवरच आहे, आणि तिच्यावर टेकचंद घोरतो.