वाटीतलं तेल

"तेल आना रे! लसून टाकीसन गरम करा!" मागांवर देखरेख करणारा भटू मास्तर ओरडला.

शेजारच्या मागावरचा धोटा सुटून वाल्मिकच्या डाव्या कानावर बसला होता. वाल्मिक उजव्या कुशीवर मागाखाली पडला. सुरतेतल्या बमरोलीच्या त्या यंत्रमागाच्या खात्यातले सगळे माग बंद झाले, आणि अडतीस वर्षांत भरदिवसा अशी शांतता धुडकूने प्रथमच ऐकली.

धुडकू धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरणारा. औषधपेटीची किल्ली त्याच्या कमरेला होती, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. नर्सबाई प्रथमोपचार शिकवायला आल्या तेव्हाही बाकीचे चहाला गेले, आणि उठून जायची लाज वाटली म्हणून हा एकटा बसून राहिला.

तो वाकला. कानातून रक्त येत होतं, आणि रक्तात पाण्यासारखं काहीतरी. पाणी आलं तर कान बुजवायचा नाही, आत काही घालायचं नाही, मान हलवायची नाही. बाई हेच म्हणाल्या होत्या ना? की उलट?

"एकशे आठले फोन लावा," तो पुटपुटला. "त्याले हलवू नका."

कुणाचं लक्षच नव्हतं. दोघे वाल्मिकला उताणा करायला पुढे झाले. धुडकूने मटकन बसून वाल्मिकचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"सरक, धुडकू." भटू वाफाळती वाटी घेऊन आला. "कांड्या भरनारा तू, तुले काय समजस? आमना बाप हाऊच उपाय करे."

"नको, मास्तर."

"अरे, पोरगा मरी जाई!"

वाटी कलली. धुडकूला हात सोडता येईना. त्याने मनगट पुढे केलं. तेल चर्रकन त्यावर पडलं. डोळ्यांत पाणी आलं, पण डोकं त्याने हलू दिलं नाही.

"मी मनी बायकोना, भागीना कानमा असंच टाकेल व्हतं," तो म्हणाला. बंद मागांमुळे ते पार दारापर्यंत ऐकू गेलं. "तिना कान तापमुये नही गया. मार लागना व्हता, पडदा फाटना व्हता. मना तेलमुये सडना. दाक्तरनी माले सांगं व्हतं."

भटूने वाटी खाली ठेवली. कुणीतरी फोन लावला.

गाडी येईपर्यंत वीस मिनिटं धुडकू तसाच बसून होता. त्याच्या कमरेची किल्ली घेऊन एकाने पेटीतली स्वच्छ पट्टी कानाखाली धरली; ती लाल होत गेली. "आयकू येस का, वाल्मिक?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. तिसऱ्या की चौथ्या वेळी वाल्मिकने बोट हलवलं.

संध्याकाळी निरोप आला. कवटीला चीर आहे, पण शुद्धीवर आहे. कानाचं नंतर कळेल.

घरी भागीरथी मेथी निवडत होती. बावीस वर्षं धुडकू तिच्या उजव्या बाजूला बसत आला होता, चांगल्या कानाच्या. डावा कान तापाने गेला, एवढंच तिला माहीत होतं, आणि तो मायेने बसतो असं वाटायचं.

"हाताले काय व्हयनं?"

"तेल."

ती हळद आणायला उठू लागली. त्याने तिला खाली बसवलं. आज तो बाजूला बसला नाही, समोर बसला, दिव्याखाली. त्याचे ओठ हलले, थांबले.

भागीरथीने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि त्याच्या ओठांकडे बघत राहिली.