न थांबणारी हवा

कंप्रेसर मीच निवडला. शेठनं निवडला नाही, की विकणाऱ्यानं गळ्यात मारला नाही. मी, बुद्धरत्न, शेडचा सुपरवायझर, माझी स्वतःची अक्कल चालवून निवडला आणि त्याची मला भारी घमेंड होती.

कुरुळीतल्या आमच्या शेडमध्ये कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव लोखंडी भागांच्या, कडा घासून गुळगुळीत करायचं काम चालतं. चार माणसं आणि हवेवर चालणारे चार ग्राइंडर. त्यातला एक माझ्या बापाच्या, साहेबरावांच्या हातात. बाबांच्या नोकरीला दहा वर्षं पुरी व्हायला आठ महिने राहिले होते. दहा झाली की पीएफची पेन्शन, नाहीतर काही नाही. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना दुसऱ्या कंपनीच्या दारात कोण उभं करणार होतं? घरी आई रोज बोटांवर महिने मोजायची.

जुना कंप्रेसर पार दमेकरी झालेला. चारी ग्राइंडर एकदम लावले की प्रेशरचा काटा सातवरून चारवर यायचा आणि ग्राइंडर नुसते कण्हायचे. मग कुणीतरी ओरडायचं, "हवा भरू दे!" की चौघंही पाच मिनिटं भिंतीला टेकायचे. तंबाखू मळायची, गावाकडच्या गप्पा हाणायच्या. दिवसातून कितीदा तरी हा तमाशा चालायचा. माझ्या डोक्यात सणक जायची. भिंतीला टेकायचा पगार मिळतो का कुठं?

आमचे शेठ अर्जुनराव कुरुळीचेच. ते म्हणाले, "मोठी टाकी आणू. टाकी मोठी म्हंजी हवा जास्त. सोपं हाय की."

"टाकी हवा साठवते शेठ, तयार करत नाही," मी म्हणालो. "मिनिटाला हवा किती तयार होते ते बघायचं. एक ग्राइंडर मिनिटाला अठरा घनफूट, म्हणजे अठरा सीएफएम हवा खातो. चौघांचे बहात्तर, वर गळतीचे सात-आठ. ऐंशी सीएफएमचा स्क्रू कंप्रेसर घ्या. दिवसभर थांबायचा नाही."

"दिवसभर?" शेठ खुर्चीत सरसावून बसले.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाबा माझ्याजवळ आले. "रत्ना, जरा लहान मशीन घ्यायला सांग की."

"का?"

त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडली होती. "ग्राइंडरची थरथर हातात चढती. बोटं बधिर होत्यात. हवा भरस्तोवर चोळतो, मग जरा रगत येतं. तेवढ्यावर दिवस निघतो बघ."

मला दया यायला हवी होती. मला राग आला. सुपरवायझरच्याच बापानं सवलत मागायची म्हणजे काय! "कामचोरीला कारणं हजार," मी म्हणालो, आणि तेही पलीकडे डबा खात बसलेल्या विक्कीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. बाबा आपला डबा घेऊन शेडबाहेर जाऊन बसले.

नवा कंप्रेसर आला. मी साबणाचं पाणी लावून पाइपांचे सगळे जोड तपासले, एकूणएक गळती बंद केली. काटा सातवर जो बसला तो हललाच नाही. पहिल्याच आठवड्यात माल दीडपट निघाला. शेठनं पेढे वाटले आणि पुढच्या सोमवारी मला ऑफिसात बोलावलं.

"आता तिघांत भागतंय का न्हाई?"

भागत होतं. रोजचे आकडे मीच फळ्यावर लिहीत होतो.

"मग एक माणूस कमी कर. कोण, ते तू ठरव. तुझा बाप हाय त्यात, म्हणून तुझ्यावरच सोडतो."

विक्कीचे त्या महिन्यात तीन खाडे झाले होते. मी त्याचं नाव घेतलं असतं तर शेठ एका शब्दानं विचारणार नव्हते. पण शेडमध्ये सगळे म्हणाले असते, बापाला वाचवला. तेवढं ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी म्हणालो, "उद्या सगळे एक तास न थांबता घासतील. ज्याचे नग कमी, तो घरी."

दुसऱ्या दिवशी दहाला मी शिट्टी वाजवली. पहिली वीस मिनिटं बाबा सगळ्यांच्या पुढे होते. त्यांचा हातच तसा होता, एकही घासणं वाया जायचं नाही. मग त्यांचा ग्राइंडर कास्टिंगवर नाचायला लागला. चाळिसाव्या मिनिटाला त्यांनी तो खाली ठेवला आणि दोन्ही हात काखेत धरले.

गणराजनं आपला ग्राइंडर बंद केला. "भाऊ, काकांना जरा दम खाऊ द्या. आम्हीपण थांबतो." विक्कीही थांबला. चौथाही थांबला.

शेठ ऑफिसच्या दारातून बघत होते.

"जो थांबेल त्याचे नग तिथेच मोजणार," मी ओरडलो.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकेकानं ग्राइंडर उचलला.

"रत्ना," बाबा म्हणाले, "हवा थोडी कमी कर."

"हवा सगळ्यांना सारखीच."

बाबांचे एकवीस नग भरले. त्यांच्या वरचा विक्की, सव्वीस.

राजीनाम्याचा कागद मी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवला होता, नावाची जागा मोकळी सोडून. ऑफिसात बसून मी तिथे बापाचं नाव लिहिलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. ते निसटलं. उचलून दिलं, पुन्हा निसटलं.

"अंगठा घे," शेठ म्हणाले. "मला चाकणला जायचंय."

मी शाईचं पॅड उघडलं.

"मला सही येती, रत्ना," बाबा म्हणाले.

मला ठाऊक होतं. अक्षर गिरवायला मी त्यांच्याच मांडीवर बसून शिकलो होतो. त्या माणसानं आयुष्यात कुठल्याही कागदावर अंगठा उठवला नव्हता, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान होता! शेठनं घड्याळात बघितलं. मी बाबांचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. ठसा पुसट उठला, म्हणून पुन्हा एकदा जोर लावून दाबला.