गुरुवारचं औषध

मित्रांनो, मी इंजेक्शनच्या औषधाची एक जुनी बाटली आहे. जुनी म्हणजे मुदत संपत आलेली. माझ्या बुचाला सुई मात्र अजून लागलेली नाही. चाकणजवळच्या निघोजे गावातल्या एका खोलीत, फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी मी उभी आहे.

माझा जन्म तळेगावकडच्या एका कारखान्यात झाला. आमचं औषध जिवंत पेशी घडवतात. मग माणसं ते गाळतात, पुन्हा गाळतात. कारण शरीर मोठं संशयी! औषधात परकं काही राहिलं, किंवा औषधाचेच कण एकमेकांना चिकटून पुंजके झाले, की त्याला वाटतं जंतूच घुसले. मग ते औषधावरच डूख धरतं, आणि धरलेला डूख सहसा सोडत नाही.

मी आले मिनलसाठी. ती चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायची. संधिवाताने बोटं आखडली, क्लिपा दाबल्या जाईनात. बाकीची औषधं लागू पडली नव्हती. माझ्या बहिणी तिला टोचल्या गेल्या, तशी बोटं सैलावली. सुपरवायझरने तिची जागा राखून ठेवली होती.

"आत्या, पुढच्या महिन्यात शिफ्टला जाते बघा," ती सासूला, कस्तुराबाईंना म्हणाली. तेव्हा आम्हा बाटल्यांना कोण अभिमान वाटला!

इंजेक्शन गावातल्या दवाखान्यात, गुरुवारी असायचं. आणि आमच्याकडे गुरुवारीच लाइट जाते. औषध थंड राहिलं पाहिजे, एवढं नर्सबाईंनी सांगितलं होतं. 'गोठवू नका' हे खोक्यावर इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. कस्तुराबाईंचा सुनेवर भारी जीव. बुधवारी संध्याकाळी त्या दुसऱ्या दिवशी टोचायची बाटली बर्फाच्या कप्प्यात सारायच्या.

"उद्या लाइट न्हाई. नासलं तर पोरीच्या हाताचं काय?"

गुरुवारी बर्फ वितळून औषध पुन्हा नितळ दिसे. गोठताना चिकटलेले कण कुणाच्या डोळ्यांना दिसत नसत.

अशाच एका गुरुवारी सुई टोचली आणि मिनलच्या अंगावर गांधी उठल्या, धाप लागली. ती वाचली, पण बोटं पुन्हा आखडू लागली. रक्त तपासून मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "औषध बर्फात ठेवलं होतं का? त्यानेच झालं असावं. शरीराने आता या औषधाविरुद्धच फौज उभी केलीय. ताजी बाटली दिली तरी उपयोग नाही."

कंपनीतली जागा दुसरीला गेली. माझी पाळी आलीच नाही.

परवा कस्तुराबाईंनी मला हातात घेतलं. "हे तर बर्फात न्हाई ठिवलं. हे चांगलं हाय ना गं?"

"चांगलंच आहे, आत्या. माझंच अंग आता घेत नाही त्याला."

"म्या तर जपलं व्हतं गं."

"माहीत आहे मला," मिनल म्हणाली. तिने आखडलेल्या बोटांनी सासूचे डोळे पुसायला हात उचलला, पण पदराचं टोक काही चिमटीत येईना.

मित्रांनो, औषध जपा. पण कसं जपायचं ते आधी नीट विचारून घ्या. माझ्यात दोष नाही, आणि तरी मी कुणाच्याच कामाची नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कस्तुराबाईंनी मला फेकलं नाही. आता गुरुवारी लाइट गेली की त्या दिवसभर फ्रीज उघडत नाहीत, कुणाला उघडू देत नाहीत. आतली थंडी जाऊ नये म्हणून.