वृषाली शेळीशी काय बोलत होती

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पोपटाचा नव्हे, बिबट्याचा. पोपटाच्या पिंजऱ्यावर कविता होतात, माझ्यावर गोधड्या वाळतात.

माझा जन्म आळेफाट्याजवळच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. मला दोन कप्पे आहेत. मागच्या कप्प्यात शेळी बांधतात. ती ओरडते, तो आवाज ऐकून बिबट्या पुढच्या दारानं आत येतो, त्याचा पाय फळीवर पडतो आणि दार खाली येतं. शेळीला काही होत नाही, असं शेळी सोडून सगळे सांगतात. जुन्नर-आंबेगावातले कितीतरी ऊस मी जवळून पाहिले. बिबट्या सापडला की मला हार घालतात, गुलाल उधळतात, माझ्यासमोर उभं राहून फोटो काढतात. तो माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात रवाना झाला की माझी रवानगी बांधावर. त्याचं मला काही वाटत नाही. वाईट वाटलं ते एका मुलीसाठी, आणि ते अजून गेलेलं नाही.

पिंपळवंडीच्या शिवारात रामनाथ आणि अंजना यांचं घर उसाला लागून आहे. त्यांची मुलगी वृषाली दुसरीत होती. एका संध्याकाळी त्यांच्या गोठ्यातलं वासरू हंबरलं आणि उसातून बिबट्या आला. वृषाली ओट्यावर बसलेली होती. तिनं सगळं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वासराचा रीतसर पंचनामा झाला. फोटो निघाले, पंचांच्या सह्या झाल्या, मला आणून उसाच्या कडेला ठेवलं, मागच्या कप्प्यात शेळी बांधली. समोरच्या झाडाला कॅमेरा बांधला, काही हललं की आवाजासकट आपोआप टिपणारा. एवढा बंदोबस्त वासरासाठी, आणि वासरू तर गेलेलं. जी मागं उरली होती, तिला कुणी काही विचारलं नाही.

वृषाली शाळेत बोलेनाशी झाली. घरी आईच्या कानाशी कुजबुजायची, तेवढंच. मग उपाय सुरू झाले. शेजारच्यांनी कुरकुऱ्याची पुडी दाखवून "बोल, मग देतो" केलं. चुलत्यानं डोळे वटारले. गुरुजी रोज तिला वर्गात उभं करायचे आणि म्हणायचे, "मोठ्यानं बोल. का आवाज पण बिबट्यानं नेला?" वर्ग हसायचा. विनोद जमला म्हणून गुरुजीही हसायचे.

शेवटी ते घरी आले आणि माझ्याच गजांना टेकून म्हणाले, "रामनाथराव, पोरगी मंद झालीये. लांबच्या एखाद्या खास वसतिगृहात टाका."

"पर सर, घरात बोलती की थोडं," अंजना म्हणाली.

"घरचं घरी. वर्गात मला उत्तर पायजे."

रामनाथनं वसतिगृहाचा पत्ता लिहून घेतला. सोमवारी तिला नेऊन घालायचं ठरलं.

मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असतं तर, दार आपटतो तसं मी ते धाडकन उघडलं असतं. कारण मला ठाऊक होतं. शाळा सुटली की वृषाली रोज लसूणघासाची पेंढी घेऊन शेळीकडे यायची आणि घडाघडा बोलायची.

पण पिंजऱ्याला कोण विचारतो? विचारलं ते कॅमेऱ्याला. वनरक्षक भरत त्यातलं चित्रण पाहायला आला. त्याच्याबरोबर पुण्याच्या स्नेहलताई होत्या. बिबट्याच्या भागातल्या मुलांच्या मनावर भीतीचा काय परिणाम होतो, याचा त्या अभ्यास करत होत्या.

"बिबट्या न्हाई, ताई. ही बगा कोन घावली," भरत म्हणाला. "गावाच्या ग्रुपवर टाकतो."

"कुठंही टाकायचं नाही, भरतभाऊ. आधी आईवडिलांना दाखवू."

रामनाथनं पाहिलं आणि तो ताडकन उठला. "म्हंजे नाटकं करती व्हय आमच्याशी? कुटं हाय ती?"

"खाली बसा, भाऊ. आवाज वाढवते. ती काय बोलतेय ते ऐका."

वृषाली शेळीला घास भरवत सांगत होती, "वरडू नको गं. वासरू वरडलं म्हनून त्याला कळलं. मी बग, शाळंत पन गप असती. आपुन दोगी गप बसू. खा."

रामनाथ बसला तो बसलाच.

आता मला सांगा. 'रानातून जाताना मोठ्यानं बोला, गाणी लावा, म्हणजे बिबट्या जवळ येत नाही,' असं माणसांनीच मुलांना शिकवलं. आणि बिबट्या जवळ यावा म्हणून माझ्यात ओरडणारी शेळीही माणसांनीच बांधली. दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं सांगणाऱ्या मोठ्या माणसांना कुणी मंद म्हटलं नाही. मंद ठरली ती सात वर्षांची पोर, जिनं डोळ्यांनी पाहिलं त्यावर विश्वास ठेवला.

"ती मंद नाही आणि हट्टीही नाही," स्नेहलताई म्हणाल्या. "ती भ्यालीये. लोक बघायला लागले की तिचा घसाच बंद होतो. 'बोल, बोल' केलं की आणखी घट्ट होतो."

"मग आमी करायचं काय?"

"बोल म्हणणं थांबवायचं. नुसतं शेजारी बसायचं. शाळेत तिनं बोटानं दाखवलं तरी ते उत्तरच धरायचं. गुरुजींशी मी बोलते."

"आन वसतिगृह?"

"तिथं शेळीसुद्धा नसेल, भाऊ."

अंजना उठली. तिनं माझ्या मागच्या कप्प्याची कडी काढली आणि शेळीला दाव्याला धरून गोठ्याकडे नेलं.

"वहिनी, सायबांना काय सांगू मी?" भरत म्हणाला.

"सांगा, वरडतच नव्हती. कामाची न्हाई."

वृषाली दारात उभी राहून बघत होती. कुणी तिला काही विचारलं नाही. थोड्या वेळानं ती गोठ्यात गेली आणि रामनाथही जाऊन तिच्याशेजारी उकिडवा बसला. वृषालीनं शेळीपुढे घास धरला. तिघांत पहिली ओरडली ती शेळी. वृषालीनं दचकून बापाकडे पाहिलं. बाप हलला नाही, ऊसही हलला नाही.

सोमवारी ती त्याच शाळेत गेली. अजून ती मोठ्यानं बोलत नाही. बाकावरच्या शेजारणीच्या कानात उत्तर सांगते आणि शेजारीण ते वर्गाला सांगते. 'मी तिला बोलतं केलं,' असं गुरुजी सांगत फिरतात. फिरू द्या.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात असं कुणी गप्प असेल. त्याला उभं करून हसू नका, बोल म्हणून ढोसू नका. शेजारी बसा, डबा उघडा, आपलं आपलं बोलत राहा. आणि घरातल्या मोठ्या माणसांना एवढं सांगा, की कोपऱ्यात अडकवायचं काम त्यांनी माझ्यासारख्या लोखंडावर सोडावं.