वरपक्षाचा सर्व्हर

किशनरावांचा रवी सदतीस वर्षांचा आणि बिनलग्नाचा होता, म्हणून किशनराव हैदराबादेतल्या नारायणगुड्याच्या वधू-वर मंडळाचे अध्यक्ष होते. यंदाच्या मेळाव्यात जमलं नाही, तर पोराचं नाव प्रौढ विभागात जाणार होतं. तो नियम किशनरावांनीच केलेला.

ऐन वेळी मंडळाचा सर्व्हर दमला. स्थळ शोधायला टाकून चहा पिऊन आलं, तरी पडद्यावरची चकरी फिरतच असायची.

"काका, यात आणखी मेमरी बसत नाही. सगळ्या खाचा भरल्यात," निशिगंधा म्हणाली. हेच काम ती कंपनीत पगारावर करायची आणि मंडळात समाजासाठी. "लग्न झालेल्यांची नावं तरी काढू?"

तिनं घरोघरी फोन केले. एक आई म्हणाली, "राहू दे गं. पोराला अजून स्थळं येतात म्हटलं की सून जरा नीट वागते."

शेवटी दुसरं मशीन आणायचं ठरलं. मलकपेठचे मुकुंदराव, मंडळाचे उपाध्यक्ष, ते दान द्यायला तयार होते. अध्यक्षपद घ्यायलाही तयार होते.

"निम्मी स्थळं इकडे, निम्मी तिकडे," निशिगंधानं बैठकीत सांगितलं. "मुलं-मुली मिसळून."

"लग्नाआधीच मिसळून?" मुकुंदराव दचकले.

मग मुलं जुन्या मशीनवर, मुली नव्या मशीनवर, असं एकमतानं ठरलं. प्रौढांबद्दल कुणाला काही मत नव्हतं. त्यांची छोटी यादी आहे तशी एका जुन्या लॅपटॉपवर टाकली.

"आता जोडी लावायला एका मशीननं दुसऱ्याला विचारावं लागेल," निशिगंधा म्हणाली. "मुलांकडून सुरू करते."

"नक्को!" किशनराव उसळले. "आपण वरपक्ष. मुलीकडच्यांनी विचारायचं असतं."

"हौ, ते दिवस गेले," मुकुंदराव म्हणाले. "आमचं मशीन पहिला शब्द टाकणार नाही."

नामपल्लीच्या मेळाव्यात दोन्ही मशीनं वाऱ्यासारखी धावली. मुलीच्या बापानं बटण दाबलं की क्षणात मुली दिसत, मुलाच्या बापानं दाबलं की मुलं. दुपारी लोक जेवणाच्या रांगेतच एकमेकांना स्थळं विचारू लागले.

"काका, एकदा विचारू द्या की," निशिगंधा काकुळतीला आली.

"मुकुंदराव बघतोय," किशनराव पुटपुटले. "माझ्या पोराचं काय व्हायचं ते होईल, पण आपण आधी नाही."

तेवढ्यात रवी आला. "डॅडी, परेशान नका होऊ. मी सकाळीच माझं नाव प्रौढमध्ये टाकायला लावलं. तिथं सगळे एकत्र आहेत ना, सर्च चालतोय. चार नावं आली. त्यातल्या एक मॅडम तिथं चहा पितायत."

किशनरावांनी चहाच्या टेबलाकडे पाहिलं. मग मुकुंदरावांकडे.

"पहिली विचारणा कुणाकडून झाली?"

"काय की. एकाच डब्यात आहे सगळं."

"मग त्यांच्याकडूनच झाली असं धरू," किशनराव म्हणाले, आणि शर्टाची बटणं नीट करत चहाकडे निघाले.